तुमचे प्रश्न : ‘पिवळं पडल्यावर सुडोमोनास सोडला, फरक नाही’

आषाढ लागला की माझ्या टपालाला कुजका वास येतो. हे अलंकारिक लिहीत नाही. गेल्या आठवड्यात एका वाचकाने आल्याचा सडका गड्डा प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून एसटी पार्सलने पाठवला. तिसऱ्या दिवशी तो हातात आला, मी उत्साहाने पिशवी सोडली आणि त्या दुपारी घरच्यांनी मला जेवायला अंगणात बसवले. नमुना कोरड्या वर्तमानपत्रात गुंडाळून पाठवत जा, एवढी विनंती करते आणि प्रश्नांकडे वळते. चौतीस वर्षे वनस्पती रोगशास्त्राच्या प्रयोगशाळेत काढली, आता सासरच्या एक एकरात आले लावते. त्यामुळे उत्तरांत थोडे पुस्तकातले असेल, थोडे चिखलातले.

प्रश्न (ता. कोरेगाव, जि. सातारा) : ताई, नमस्कार. दीड एकर माहीम जातीचे आले आहे, मेमधली लागण. पंधरा दिवसांच्या झडीनंतर गादीवाफ्यांच्या खालच्या टोकाला पाने पिवळी पडायला लागली. दुकानदाराने सुडोमोनास (रोगाला अडवणारा मित्र जिवाणू) दिला, दोनदा आळवणी केली, म्हणजे मुळाशी द्रावण ओतले. फरक नाही, पिवळा पट्टा पुढेच सरकतोय. औषध बोगस होते का?

उत्तर : दादा, असेलही. त्याकडे नंतर येते. आधी रानात जा आणि पिवळा फुटवा हलकेच ओढून बघा. तो अलगद हातात आला, बुंध्याशी पाणचट, मऊ लागला आणि वास आला, तर ती कंदकूज. भर पावसात तिच्यामागे बहुतेक वेळा पिथियम नावाचा रोगजंतू असतो. पण पाने हिरवी असतानाच कडा वळून झाड दोन-चार दिवसांत मान टाकत असेल, तर फुटवा बुंध्याशी कापा आणि कापलेले टोक काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात धरा. काही मिनिटांत दुधी धागे खाली उतरताना दिसले तर ती जिवाणूजन्य मर, रालस्टोनिया. गंमत म्हणजे या रालस्टोनियाचे जुने नाव सुडोमोनासच, सुडोमोनास सोलॅनॅसिएरम. १९९०च्या दशकात ते बदलले. चोर आणि शिपाई इतकी वर्षे एकाच आडनावाने वावरत होते.

तुमचा पट्टा पाणी तुंबते तिथून सुरू झाला आहे, म्हणून माझा कल पिथियमकडे आहे. पिथियमच्या बीजाणूंना शेपट्या असतात आणि ते पाण्यात खरोखर पोहतात. सरीत पाणी उभे राहिले म्हणजे त्यांना रस्ताच बांधून दिल्यासारखे.

आता तुमच्या आळवणीचे काय झाले ते सांगते. सुडोमोनास फ्लुरोसन्स रोग बरा करत नाही. तो मुळाशी राहतो. मुळाच्या टोकाजवळ, फांद्या फुटतात तिथे गोड रस झिरपतो, आणि त्या मोक्याच्या जागा या जिवाणूलाही हव्या असतात आणि रोगालाही. जो आधी पोचेल त्याची जागा. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसे. तुम्हीही रुमाल टाकलात, पण सीटवरचा माणूस तिकीट काढून घोरायला लागल्यावर.

म्हणून आत्ता त्याच्या भरवशावर बसू नका. आधी खालच्या टोकाला चर मारून पाणी बाहेर काढा, ते नसेल तर बाकी सगळे वाया. सडलेले गड्डे भोवतालच्या मातीसकट काढून पोत्यात भरून रानाबाहेर न्या. बांधावर नको आणि ओढ्यात तर नकोच, खालच्या शेजाऱ्यानेही आलेच लावलेले असते. पट्ट्याभोवतीच्या निरोगी वाफ्यांना मेटॅलॅक्झिल आणि मॅन्कोझेबच्या मिश्रणाची आळवणी करा, मात्रा कृषी विज्ञान केंद्रात विचारून घ्या. दुकानदार कार्बेन्डाझिम देऊ करेल, ते घेऊ नका. पिथियम दिसतो बुरशीसारखा, पण खऱ्या बुरशीच्या कुळातला नाही, आणि कार्बेन्डाझिम त्याचे काही वाकडे करत नाही. यंदा रोगट भागात उटाळणीही (गड्ड्याभोवतीची माती हलवणे) टाळा. तुटलेले प्रत्येक मूळ म्हणजे उघडे दार. पंधरा-वीस दिवसांनी, वाफसा आल्यावर, संध्याकाळी निरोगी भागाला पुन्हा सुडोमोनास द्या.

त्याच्या आगेमागे कॉपर ऑक्सिक्लोराईड मात्र येऊ देऊ नका. इथे माझीच फजिती सांगते. निवृत्तीनंतरच्या पहिल्या लागणीला मी सोमवारी मोठ्या विधिपूर्वक सुडोमोनासची आळवणी केली आणि पुण्याला लग्नाला गेले. गुरुवारी पुतण्याने, शेजाऱ्याच्या सांगण्यावरून आणि अगदी चांगल्या मनाने, ठिबकमधून कॉपर सोडले. तांबे बुरशी मारते तसे जिवाणूही मारते, आणि स्ट्रेप्टोसायक्लिन हे प्रतिजैविक तर जिवाणू मारण्यासाठीच बनले आहे, म्हणजे तेही नको. परत येऊन ठिबकच्या टाकीतला निळसर गाळ पाहिला तेव्हा चौतीस वर्षांचा अभ्यास तिथेच बुडालेला दिसला. तेव्हापासून आमच्या पंपघरात भिंतीवर खडूने तारखा लिहितो : काय सोडले, कधी सोडले.

राहिले बोगसचे. पाकिटावर नोंदणी क्रमांक आहे का बघा. ग्रॅममागे किंवा मिलिलिटरमागे किमान १० कोटी जिवंत जिवाणू असल्याचे लिहिलेले हवे, आणि तयार केल्याची तारीख जवळची हवी. पण छापलेला आकडा कारखान्यातून निघतानाचा असतो. एकदा मी ओळखीच्या दुकानातून, पत्र्याखालच्या फळीवरून, एप्रिल महिन्यात पाच पाकिटे उचलली आणि जिवाणू जिवंत आहेत का ते बघायला जुन्या सहकाऱ्यांकडे प्रयोगशाळेतल्या प्लेटवर लावून घेतली. दोनांतून काहीच उगवले नाही. दुकानदार फसवत नव्हता. त्याने फक्त सजीव वस्तू युरियाच्या पोत्यासारखी ठेवली होती.

पुढच्या वर्षी बेण्यापासून सुरुवात करा. रासायनिक बेणेप्रक्रिया करायची असेल तर ती आधी, मग बेणे सावलीत पूर्ण सुकू द्या, आणि लावायच्या आदल्या संध्याकाळी सुडोमोनासच्या द्रावणात बुडवा. हाच तो वेळेवर टाकलेला रुमाल.

प्रश्न (जि. वाशिम) : हरभऱ्याला मर येते. सुडोमोनास बियाण्याला चोळावा की शेणखतातून रानात फेकावा? फेकणे सोपे पडते.

उत्तर : हिशेब करू, मग तुम्हीच ठरवा. एकरभर रानातल्या वरच्या वीतभर मातीचे वजन साधारण ९ लाख किलो, म्हणजे ९० कोटी ग्रॅम. एक किलो पाकिटात, ग्रॅममागे १० कोटी धरून, १० हजार कोटी जिवाणू. ते रानभर फेकले की प्रत्येक ग्रॅम मातीच्या वाट्याला आले शंभर-सव्वाशे. आणि त्या एका ग्रॅम मातीत आधीपासूनच कोट्यवधी जिवाणू राहत असतात. पंढरपूरच्या वाळवंटात एकादशीला एक दिंडी सोडल्यासारखे झाले, कोणाच्या लक्षातही येणार नाही.

तेच किलोभर बियाण्याला १० ग्रॅम चोळा. शंभर दाण्यांचे वजन २० ग्रॅम धरले तर किलोत पाच हजार दाणे. एका दाण्यावर दोन लाख जिवाणू बसतात. निम्मे गळून पडले तरी एक लाख राहतात, आणि मूळ फुटते ते त्यांच्याच अंगणात.

हे माझे एकटीचे डोके नव्हे. कोइमतूरच्या तमिळनाडू कृषी विद्यापीठात विद्यासेकरन आणि मुथामिलन यांनी हा जिवाणू शंखजिऱ्याच्या भुकटीत कसा टिकवायचा याचे काम केले. १९९५ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले ते नेमके हरभऱ्याच्या मर रोगावर. आज तुम्ही विकत घेता ती पांढुरकी भुकटी त्याच वाटेने आली. तिथल्या शिफारशीत जमिनीतून देण्याचाही भाग आहे, हेक्टरी अडीच किलो, ५० किलो शेणखतात मिसळून. पण तो बीजप्रक्रियेच्या जोडीला आहे, बदली नाही.

क्रम चुकवू नका : रासायनिक बुरशीनाशक लावायचेच असेल तर सर्वात आधी, ते सुकल्यावर सुडोमोनास, आणि मुळांवर गाठी करणारा रायझोबियम जिवाणू शेवटी. पेरणी लगेच करा, चोळलेले बियाणे उन्हात पसरून ठेवू नका. आणि वाण विजय, दिग्विजय किंवा जाकी ९२१८ यांसारखा मर सहन करणारा घ्या. मरीची फ्युजेरियम बुरशी हरभरा नसतानाही जमिनीत सहा वर्षे टिकते. एवढ्या चिवट पाहुण्यापुढे एकट्या जिवाणूला उभे करणे हा त्याच्यावरच अन्याय आहे.

प्रश्न (ता. रावेर, जि. जळगाव) : केळीसाठी २०० लिटरच्या ड्रममध्ये दोन किलो गूळ आणि एक लिटर सुडोमोनास टाकून सात दिवस ठेवतो, रोज काठीने ढवळतो. एका लिटरचे दोनशे होतात. बरोबर आहे ना?

उत्तर : दोनशे लिटर होतात हे खरे. कशाचे होतात, हा प्रश्न आहे. प्रयोगशाळेत आम्ही खाद्य १२१ अंशांवर वाफेने निर्जंतुक करतो, मगच त्यात विरजण घालतो आणि सतत हवा सोडतो, कारण या जिवाणूला प्राणवायू लागतो. तुमच्या ड्रममध्ये गुळाबरोबर यीस्ट येते, पाण्याबरोबर आणखी दहा जण येतात. दोन-तीन दिवसांत तळाला हवा संपते आणि मग राज्य आंबवणाऱ्यांचे. झाकण उघडल्यावर आंबूस, ताडीसारखा वास येतो की नाही? मागे एका ड्रमातले पाणी प्लेटवर लावून मी निळ्या दिव्याखाली पाहिले होते. सुडोमोनासच्या चमकणाऱ्या वसाहती भिंग घेऊन शोधाव्या लागल्या.

ते पाणी रानाला सोडून नुकसान होईल असे म्हणत नाही. जीवामृत सोडता तसे सोडा, पण त्याला सुडोमोनास म्हणू नका आणि त्याच्या भरवशावर राहू नका. गूळ घालायचाच तर मूठभर, आळवणीच्या आधी दोन-चार तास. पाणी विहिरीचे घ्या, क्लोरीनवाले नळाचे नको. ट्रायकोडर्माही त्याच ड्रममध्ये ढकलू नका. ती बुरशी आहे, हा जिवाणू, आणि याची काही रसायने बुरशीलाच बाधतात. मी स्वतः दोन्हींत आठ-दहा दिवसांचे अंतर ठेवते. उन्हाळ्यात साठवण करावी लागत असेल तर बॅसिलस सबटिलिस या दुसऱ्या जिवाणूचा विचार करा. तो अडचणीत सापडला की जाड कवचाचा बीजाणू करून आत बसतो आणि तुमच्या रावेरचा मेसुद्धा काढतो. सुडोमोनासला ती कला येत नाही.

प्रश्न (कृषी महाविद्यालयातील विद्यार्थी, परभणी) : मॅडम, ‘रोग दाबणारी माती’ असा शब्दप्रयोग वाचला. माती स्वतः रोग दाबते म्हणजे काय? आणि जिवाणू बुरशीला नेमके कसे रोखतो?

उत्तर : हा प्रश्न मला सर्वात आवडला, म्हणून जागा जास्त घेते. संपादकांनी कात्री लावली तर त्यांच्याशी भांड.

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात गव्हाचा मोठा पट्टा आहे. तिथे गव्हाला ‘टेक-ऑल’ नावाचा मूळकुजीचा रोग येतो, नावाप्रमाणे सगळेच घेऊन जाणारा. मुळे काळी पडतात आणि ओंब्या पांढऱ्या, पोकळ राहतात. गव्हावर गहू घेतला की रोग दरवर्षी चढत जातो, इथवर आपल्या पाठ्यपुस्तकाप्रमाणे. पण काही शेतांत, एखाद्या वर्षी रोगाने कहर केल्यावरही शेतकऱ्याने गहूच पेरत ठेवला, तर पुढे रोग आपोआप उतरायचा आणि उतरलेलाच राहायचा. असेच हॉलंडात आणि ऑस्ट्रेलियातही दिसले. रोगाची बुरशी संपलेली नव्हती. ती तिथेच होती, पण तिचे काही चालत नव्हते.

त्याच राज्यातल्या पुलमन गावी आर. जेम्स कुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा शेतातली थोडी माती रोगट मातीत मिसळून पाहिली, तर तिच्यातही रोग दबला. हे आपल्या घरातले विरजण झाले. तीच माती ओलसर अवस्थेत ६० अंशांवर अर्धा तास तापवली तर गुण गेला. उकळत्या दुधात विरजण घातल्यासारखेच की! म्हणजे मातीतला चुना नव्हे, पोत नव्हे, काहीतरी जिवंत होते. पुढे डेव्हिड वेलर आणि लिंडा थॉमाशो यांनी गव्हाच्या मुळांवरचे चमकणारे सुडोमोनास तपासले. त्यांतल्या एकाचा फेनाझिन नावाचे प्रतिजैविक तयार करण्याचा जनुक त्यांनी मोडला, आणि तो जिवाणू गव्हाला पूर्वीसारखा वाचवू शकला नाही. हे १९८८ मध्ये प्रसिद्ध झाले. जिवाणू मुळावर बसून खरोखरच औषध बनवतो, याचा तो भक्कम पुरावा होता. रोग उतरलेल्या शेतांत मात्र मुख्य काम दुसऱ्याच एका प्रतिजैविकाचे निघाले, डायअॅसिटिलफ्लोरोग्लुसिनॉल. नाव तोंडी परीक्षेसाठी पाठ कर. ते बनवणारे जिवाणू मुळाच्या एका ग्रॅमवर साधारण एक लाखाच्या वर गेले की रोग दबतो, खाली असले की नाही. वाशिमच्या दादांना मी जो हिशेब मांडला, त्यामागे हाच आकडा डोक्यात होता.

मला त्यातली एक गोष्ट फार विलक्षण वाटते. ही राखण रोग आल्याशिवाय उभीच राहत नाही. कुजलेल्या मुळांवर हे जिवाणू पोसतात, वाढतात आणि मग उरलेल्यांची राखण करतात. मध्ये दुसरे पीक घेऊन गव्हात खंड पाडला तर ती ढिली पडते. पण म्हणून उद्या बाबांना जाऊन हरभऱ्यावर हरभरा घ्यायला सांगू नकोस! टेक-ऑलचा कायदा मरीला लागू नाही. तिथे दरवर्षी फक्त मरच वाढेल.

दुसरा मार्ग लोहाचा. लोह बुरशीलाही लागते आणि जिवाणूलाही. आपल्या मराठवाड्यातल्या काळ्या, चुनखडीच्या मातीत लोह भरपूर, पण सामू आठच्या वर गेला की ते विरघळत नाही. भुईमूग पिवळा पडतो तो याच उपासमारीने. अशा टंचाईत सुडोमोनास एक पिवळट-हिरवा पदार्थ बाहेर सोडतो, तो लोहाला मिठी मारतो आणि जिवाणू दोघांना मिळून आत ओढून घेतो. बुरशी बघत राहते. बर्कलीच्या जोसेफ क्लोपर, मिल्टन श्रॉथ आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्ये हे दाखवले. तुमच्या लॅबमध्ये किंग्ज बी या जिवाणू वाढवायच्या माध्यमावर अतिनील दिव्याखाली जी पोपटी चमक दिसते ना, ती याच पदार्थाची. सरांना विचारून एक प्रयोग कर : एका प्लेटच्या माध्यमात थोडे फेरिक क्लोराईड घाल, दुसऱ्यात नको, आणि तोच जिवाणू दोन्हींवर लाव. लोहवाल्या प्लेटवर तो वाढेल, पण चमकणार नाही. घरात धान्य भरलेले असताना रेशनच्या रांगेत कोण उभे राहील?

तिसरा मार्ग मला स्वतःला नोकरीत असताना पटायला वेळ लागला. १९९१ मध्ये हॉलंडातल्या संशोधकांनी कार्नेशन या फुलझाडाच्या मुळांना सुडोमोनास दिला आणि मरीची बुरशी खोडात टोचली. एक खाली, एक वर, दोघांची गाठच पडली नाही. तरी रोग कमी आला. म्हणजे जिवाणूने बुरशीला हातही लावला नव्हता, झाडालाच सावध केले होते. मावळातल्या पॉलीहाऊसमध्ये कार्नेशन लावणाऱ्यांनी हे वाचले तर बरे, तिथे मर हीच मोठी डोकेदुखी असते.

प्रश्न (डोंबिवली) : कुंडीतली तुळस आणि मिरचीची रोपे बुंध्याशी काळी पडून कोलमडतात. तुम्ही लिहिता ती पावडर कुंडीला चालेल का? किती घालू?

उत्तर : चालेल. ताई, लिटरभर पाण्यात १० ग्रॅम कालवून नवे रोप लावताना मुळे अर्धा तास त्यात बुडवा, उरलेले पाणी कुंडीत ओता. पाकीट फ्रिजच्या दारात ठेवलेत तरी चालते, घरच्यांना आधी सांगून ठेवा. पण तुमच्या पत्राबरोबरचा फोटो पाहिला. प्रत्येक कुंडीखाली बशी आहे आणि प्रत्येक बशीत पाणी आहे. पावडर पुढच्या रविवारी आणा, बश्या आज काढा.